कडी आतून, कोयंडा बाहेरून

पहाटे ५.१०

पंचनाम्याच्या दुसऱ्या पानावर, वरून सहाव्या ओळीत, ‘बाहेरून’ हा शब्द ओळीच्या डोक्यावर लिहिलेला आहे. खाली काकपद. बाकीचा मजकूर निळ्या बॉलपेनचा, हा एकच शब्द काळ्या शाईतला. शेजारी सही नाही, आद्याक्षर नाही. झेरॉक्समध्ये दोन्ही शाया सारख्याच दिसतात. गेल्या आठवड्यात मूळ रेकॉर्ड चाळायला मागितलं, तेव्हा फरक कळला. वाक्य असं : ‘सदर खोलीस लोखंडी दरवाजा असून त्यास आतून कडी व बाहेरून कोयंडा आहे. कुलूप मिळून आले नाही.’

आज दुपारी या एका वाक्यावर मला निदान अर्धा तास बोलायचंय. चहाचा कप पेपरबुकावर ठेवायचा नाही, हे माझ्या सीनियरनी शिकवलं होतं. तेवढं सोडून बाकी सगळं मी याच वेळेला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, करते. घर जागं व्हायच्या आत वाचलेलं लक्षात राहतं.

प्रकरण ऊसपट्ट्यातलं, तिथं दर हंगामात घडतं तसलं. दोन भाऊ, ट्रॅक्टर थोरल्याच्या नावावर. २०१९-२० च्या गळीत हंगामासाठी त्यांनी मराठवाड्यातल्या एका मुकादमाला साडेसात लाखांची उचल दिली. पैसे स्वतःचे थोडे, पतसंस्थेचे जास्त. मुकादमानं दहा कोयते आणायचे ठरले होते (कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी), आला एकही नाही. डिसेंबरात भाऊ त्याच्या गावी गेले, त्याला जीपमध्ये घालून आणलं आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ठेवलं. दोन रात्री. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. पाठीवर तीन वळ, दंडावर एक, ‘साधी दुखापत’ असा दाखला.

वर्तमानपत्रात याला ‘डांबून ठेवले’ म्हणतात. कायद्याच्या मराठीत तो ‘गैरपरिरोध’. हा शब्द आरोपीला कळत नाही आणि फिर्यादीलाही कळत नाही. खालच्या कोर्टात खटला पाच वर्षं चालला. धमकी आणि शिवीगाळीतून दोघं सुटले. मारहाणीबद्दल म्हणजे भादंवि ३२३ खाली तीन महिने, डांबण्याबद्दल म्हणजे ३४२ खाली सहा महिने, दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या. दंड प्रत्येक कलमाला हजार रुपये. जुन्या कायद्यात या दोन्ही कलमांना दंड तेवढाच होता. आता न्यायसंहितेत मारहाणीला दहा हजारांपर्यंत आणि डांबण्याला पाच हजारांपर्यंत गेलाय.

एक गोष्ट मी टिपणवहीत लिहिलेली नाही. पैसे वसूल करण्यासाठी माणूस डांबला, तर त्याला वेगळं कलम होतं : ३४८, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. या प्रकरणाच्या मापाचंच शिवलेलं. तपासी अंमलदारानं ते लावलं नाही, सरकारी वकिलांनी मागितलं नाही, मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दोषारोपात घेतलं नाही. आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही आणि सरकारनं स्वतः अपील केलेलं नाही. तेव्हा ३४८ हा आकडा आज माझ्या तोंडून निघणार नाही. आरोपीच्या वकिलानं तो काढावा असं कुठलाही नियम सांगत नाही. तरी पहाटे आठवतो खरा.

सकाळी ७.३०

डबे. सासूबाई विचारतात, “आज कुणाला सोडवायचंय?” मी म्हणते, “आई, सोडवत नाही हो, अपील चालवते.” त्या भाजी ढवळत म्हणतात, “तेच ते.”

सकाळी ९.२०

ऑफिसात माणसं आधीच बाकावर. एक मामा आलेत, मुलाला मारहाणीत एक वर्ष लागलंय. निकालाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पुन्हा कापडी पिशवीत. कैदेची शिक्षा झाली की निकालाची प्रत आरोपीला फुकट आणि लगेच मिळाली पाहिजे, असा नियम आहे. ती त्यांना मिळालीही होती, पण ‘चांगला दिवस बघून’ वकिलाकडे यायचं म्हणून ठेवून दिली. आज सत्ताविसावा दिवस. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील करायला तीस दिवस असतात.

“मुलगा कुठंय?”

“घरीच हाय की. तिथल्याच साहेबांनी सोडला. शिक्षा रद्द झाली म्हणं.”

शिक्षा रद्द झालेली नाही. तीन वर्षांच्या आतली शिक्षा असली आणि आरोपी आधीपासून जामिनावर असला, तर शिक्षा देणारं कोर्टच त्याला अपील करण्यापुरतं सोडतं. ती मुदत संपायच्या आत वरच्या कोर्टातून शिक्षेला स्थगिती घ्यायची, नाहीतर पोलीस दारात. हे मी दोनदा सांगितलं. मामांनी दोनदा मान हलवली आणि तिसऱ्यांदा विचारलं, “म्हंजे सुटला न्हवं?” आमच्या धंद्यात ‘स्थगिती’ या शब्दानं जेवढे गैरसमज केले, तेवढे कुठल्या शब्दानं केले नसतील. ज्युनियरला सांगितलं, वकीलपत्रावर सह्या घे, जामीनदाराचा सातबारा आणि आधार मागव, मेमो रात्री करू.

सकाळी १०.५५

बाररूम. ऊस सुरू झाल्यानं सगळ्यांना यायला उशीर. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. चर्चा नेहमीचीच, कलमांच्या नव्या नंबरांची. माझ्या आजच्या अपिलात गुन्हा जुन्या भादंविचा आणि अपील नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, कारण निकाल १ जुलै २०२४ नंतर लागला. अपिलाचं ३७४ आता ४१५ झालं, शिक्षा-स्थगितीचं ३८९ आता ४३०. पंचवीस वर्षं जिभेवर बसलेले आकडे बदलणं म्हणजे घराचा पत्ता बदलण्यासारखं; पाय जुन्याच दाराशी जातात. कुणीतरी म्हणालं, अपील फेटाळलं तर आता रिव्हिजनला मुंबई गाठायला नको, कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांचं काम तिथं चालतं. पक्षकाराचा एक मुक्काम वाचला, ही गोष्ट लहान नाही.

सकाळी ११.१०

बोर्ड. माझ्या आधी एका अपिलाचा पुकारा झाला. अपीलकर्त्याचे वकील गैरहजर, तिसऱ्यांदा. मागच्या बाकावरच्या आरोपीचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी त्याला विधी सेवा प्राधिकरणातून वकील घेणार का, असं विचारलं. फौजदारी अपील वकील आला नाही म्हणून काढून टाकता येत नाही, रेकॉर्ड वाचून गुणदोषांवरच निकाल द्यावा लागतो; सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये बनी सिंग प्रकरणात तसं बजावलंय. तो आरोपी वाचला तो या निवाड्यामुळे, हे त्याला बहुधा कधीच कळणार नाही.

माझे दोघं भाऊ भिंतीला टेकून उभे. थोरल्याच्या अंगात पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. धाकटा शाळेत शिपाई, त्यानं आजची रजा टाकलीय. त्याची नोकरी या निकालावर टांगलेली आहे. थोरल्याला जेलची भीती, धाकट्याला ‘दोषी’ या शब्दाची.

पलीकडच्या बाकावर मुकादम बसलेला दिसला. शेजारी त्याची बायको. फिर्यादीनं अपिलाला यायची गरज नसते. इथं त्याला कुणी काही विचारत नाही, त्याचा जबाब कधीच टाइप होऊन निशाणी १७ झालेला असतो. तरी तो प्रत्येक तारखेला येतो. एवढ्या लांबून, एसटीनं.

दुपारी १२.३५

“अपील नंबर...” पुकारा झाला. मी उभी राहिले.

सत्र न्यायालयात अपील चालवताना आवाज चढवून उपयोग नसतो. समोर साक्षीदार नाही, त्याला घाम फोडायचा नाही. न्यायाधीशांच्या हातात पेपरबुक, माझ्या हातात पेपरबुक. पान काढायचं आणि बोट ठेवायचं. मी आधी मारहाण घेतली, कारण ती माझी कमजोर बाजू आणि ती लवकर उरकलेली बरी. डॉक्टरांनी उलटतपासात ‘अशा जखमा पडल्यानेही होऊ शकतात’ असं म्हटलंय, ते वाचून दाखवलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “तीन समांतर वळ, पडून?” मी पुढच्या मुद्द्याकडे वळले. या वाक्यावर मी स्वतः कधीच विश्वास ठेवलेला नाही, पण ते रेकॉर्डवर आहे आणि रेकॉर्डवरचं वाचणं हे माझं काम.

मग पंचनामा. मूळ कागद मागवला. ‘बाहेरून’ दाखवला. साहेबांनी कागद खिडकीकडे धरला, शिरस्तेदारांनी मान लांब केली. दोन्ही पंच फितूर झालेले. पंचनामा शाबीत केला तो तपासी अंमलदारानं. त्याला खाडाखोडीबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, ‘आठवत नाही.’ कुलूप जप्त नाही. किल्ली नाही. खोलीत आतून कडी. म्हणजे आतला माणूस दार लावून झोपू शकत होता. त्याला बाहेरून कोंडलं याचा पुरावा एक काळा शब्द आणि फिर्यादीची जीभ, एवढाच.

मग माझा हुकमाचा पत्ता. फिर्यादीच्या गावच्या ठाण्यातून शोधायला आलेल्या पोलीस शिपायाची साक्ष, उलटतपास, परिच्छेद ४ : ‘आम्ही पोहोचलो तेव्हा फिर्यादी हा खोलीबाहेर बाजेवर बसलेला मिळून आला, हे खरे आहे.’

बाजेवर. बाहेर. उघड्यावर. मी हे तीन शब्द तीनदा म्हटले नाहीत, एकदाच म्हटले आणि थांबले. थांबणं हेही सीनियरनी शिकवलेलं.

“लंच,” साहेब म्हणाले.

दुपारी २.०५

डबा उघडायच्या आत थोरला दारात. “मॅडम, मिटवून टाकूया का? साडेसात लाखावर पाणी सोडतो. तुम्ही बोला की त्याच्याशी.”

३२३ आणि ३४२ दोन्ही तडजोडीची कलमं आहेत. ज्याला मारलं आणि ज्याला कोंडलं त्यानं मिटवलं तर मिटतं, अपिलात कोर्टाची परवानगी लागते एवढंच. तडजोड नोंदली की ती निर्दोष सुटल्यासारखी धरतात आणि धाकट्याची नोकरी वाचते. कायदा म्हणून मला सुचवायला हरकत नव्हती. पण त्या माणसाशी मी बोलणार नाही, असं सांगितलं. सरकारी वकिलांमार्फत निरोप जाऊ दे, त्याची इच्छा असेल तर तो लिहून देईल.

दहा मिनिटांनी सरकारी वकील स्वतःच आले. “तो नाही म्हणतो,” म्हणाले. “पैसे नकोत, निकाल हवाय.” मग माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले. आमचं असंच चालतं.

दुपारी २.४५

साहेबांनी जेवायच्या सुट्टीत कायद्याचं पुस्तक काढलं होतं. मला ते टेबलावर उपडं दिसलं आणि पोटात खड्डा पडला.

“मॅडम, डांबायला कुलूप लागतंच का? कलम ३४० खालचं दुसरं उदाहरण बघा.”

मला ते पाठ आहे. पहिल्या उदाहरणात ‘क’ हा ‘य’ला भिंतींच्या आवारात घालून कुलूप लावतो. दुसऱ्यात कुलूप नाही. ‘क’ इमारतीच्या वाटांवर बंदूकवाली माणसं ठेवतो आणि ‘य’ला सांगतो, बाहेर पडलास तर गोळी घालतील. दार उघडं असलं तरी माणूस कोंडलेलाच. १८६० सालच्या कायद्यात हे बारीकपण आहे. मेकॉलेच्या मसुद्यापासून उदाहरणं देऊन कायदा सांगायची ही पद्धत मला आवडते, आज मात्र आवडली नाही.

मी म्हटलं, “सर, तिथं बंदूक आहे आणि गोळी घालण्याची स्पष्ट धमकी आहे. इथं धमकीच्या कलमातून खालच्याच न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलंय. ज्या धमकीनं फिर्यादी जागेवर बसला म्हणता, ती धमकी शाबीत नाही. मग फार तर अडवलं म्हणता येईल. ३४१. त्याला जास्तीत जास्त एक महिना साधी कैद.”

साहेबांनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. उत्तर चांगलं होतं, हे मला बोलताना कळलं. पहाटे ते माझ्याकडे नव्हतं.

मग फोन. दुसऱ्या रात्री फिर्यादीच्या मोबाइलवरून त्याच्या बायकोला फोन गेला, हे दोन्ही बाजूंना मान्य. मी म्हटलं, ज्याच्या हातात मोबाइल आहे तो शंभर नंबर का लावत नाही? बायकोच्या साक्षीत आहे की फोन स्पीकरवर होता आणि मागून कुणीतरी ‘पैसे सांग, पैसे सांग’ म्हणत होतं. ते मी वाचलं नाही. ते सरकारी वकील वाचतील, आणि त्यांनी वाचलंच.

शेवटी शिक्षेवर. पहिला गुन्हा, शेतकरी, सहा वर्षं कोर्टाच्या फेऱ्या. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडावं. अपील कोर्टालाही तो अधिकार आहे. धाकट्याच्या नोकरीचं सांगितलं. परिवीक्षेवर सुटलं तरी दोष पुसला जात नाही, त्यामुळे खातं त्याच्यावर कारवाई करू शकतं. हे त्याला मी कालच समजावलंय.

दुपारी ३.५०

सरकारी वकिलांनी चांगला युक्तिवाद केला, म्हणजे मला त्रास होईल असा केला. ३२३ हे कलम हलकं समजू नका, म्हणाले, आणि नवज्योतसिंग सिद्धूंचं प्रकरण काढलं. १९८८ सालचं पतियाळातलं, रस्त्यावरचं भांडण. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ३२३ खाली हजार रुपये दंड करून सोडलं होतं, आणि मग पुनर्विलोकनात मे २०२२ मध्ये त्याच कलमाखाली एक वर्षाची सक्तमजुरी दिली. चौतीस वर्षांनी. मी उभी राहून म्हटलं, तिथं माणूस दगावला होता, इथं साध्या दुखापती आहेत. साहेब म्हणाले, “फरक लक्षात आहे.”

मला ज्या वाक्याची भीती होती ते मात्र आलं नाही. ‘पैशासाठी डांबलं’ हे ते चार वेळा म्हणाले, पण ३४८ हा आकडा त्यांच्याही तोंडून निघाला नाही. चौथ्या वेळी साहेबांनी मान वर केली, पेन उचललं, आणि परत खाली ठेवलं. ते काय लिहिणार होते हे मला माहीत नाही. माझं लक्ष त्या पेनावर होतं एवढं खरं.

सायंकाळी ५.२५

‘निकालासाठी’ अशी रोजनाम्यात नोंद. तारीख पुढच्या महिन्याची. दोन्ही आरोपींनी हजर राहायचं, निकालाच्या दिवशी आजारपण चालत नाही, हे मी त्यांना व्हरांड्यात बजावलं. थोरल्यानं विचारलं, “काय वाटतं मॅडम?” मी अंदाज सांगत नाही. एवढंच म्हटलं की मारहाण राहील. त्यानं टोपी काढून झटकली. “दोन रट्टे दिले ओ मॅडम. आमचं साडेसात लाख गेलं आणि आम्हीच आरोपी.” पतसंस्थेचं कर्ज अजून फिटलेलं नाही, हेही खरं आहे. त्यानं उचलीबद्दल फसवणुकीची फिर्याद द्यायला हवी होती, दावा लावायला हवा होता, आणि तो लावला असता तरी अजून चाललाच असता, हेही खरं आहे.

सायंकाळी ६.४०

ज्युनियरला स्टँडवर सोडायला गेले. मराठवाड्याकडच्या गाड्या लागतात तिथं, कठड्यावर, मुकादम आणि त्याची बायको. त्यानं मला ओळखलं. मी काच वर करणार होते. तो उठून आला.

“मॅडम, बीडची गाडी गेली का हो?”

“साडेसातची आहे. लागायचीय.”

तो तिथंच उभा राहिला. रागावलेला दिसत नव्हता. दमलेला होता.

“तुम्ही ते बाजेचं सांगितलं ना साहेबाला. बसलो होतो, खरंय ते. पोलीस यायच्या आधी घंटाभर त्यांनीच बसवलं बाहेर. आत जमिनीवर आडवं होता येत नव्हतं. पाठ टेकत नव्हती.”

मी विचारलं, “हे साक्षीत का नाही सांगितलंत?”

“कुणी विचारलंच नाही.”

खरंच विचारलं नव्हतं. निशाणी १७ मला तोंडपाठ आहे. शिपायाच्या उलटतपासानंतरही सरकार पक्षानं फेरतपास घेतलेला नाही, म्हणजे पुन्हा प्रश्न विचारलेले नाहीत. तिथं ‘फेरतपास : नाही’ एवढेच शब्द आहेत. त्याच्या बायकोनं त्याला हाक मारली. तो गेला.

ज्युनियर गाडीतून उतरताना म्हणाली, “ताई, आता?”

“आता काही नाही. युक्तिवाद संपला.”

रात्री ८.१५

ऑफिस. मामांचा मुलगा आलाय, सह्या करायला. पंचवीस-सव्वीसचा, मनगटावर लाल दोरा. मी मेमोची कारणं लिहायला घेतली. पहिलं कारण ठरलेलं असतं : खालच्या न्यायालयाचा निकाल पुराव्याला धरून नाही. दुसऱ्या कारणाशी थांबले. साक्षीदारांच्या जबानीच्या प्रती उलट्या लावल्या होत्या, त्या सरळ केल्या आणि फेरतपास कुठं कुठं घेतलाय ते पेन्सिलनं खुणावत गेले. सात साक्षीदार. दोन ठिकाणी घेतलाय.

तीन दिवस उरलेत. नक्कल, वकीलपत्र, स्थगितीचा अर्ज, जामीनदार. मामा विचारतात, “पोराला उद्या आणू का कोर्टात?”

“आणा. अकराच्या आत. आणि सातबारा या वर्षीचा हवा, जुना नको.”